टर्मिनल, एडिटर व माउस

सांप्रत आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस संगणकावर लिहिण्याचा सराव आहे. कळ दाबतांच अक्षर उमटतें, व माउसची कळ दाबतांच कर्सर इष्ट स्थळीं जाऊन बसतो. ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे कीं, तींत समजून घेण्याजोगें कांहीं असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु तिच्यामागें एक मोठी अडचण दडलेली असून तिचा आपल्या मराठीशीं निकट संबंध आहे. म्हणून तिचें थोडें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण काम करीत. प्रत्येकापुढें पडदा व कळफलक एवढेंच असे. या जोडीस टर्मिनल म्हणत. टर्मिनल व संगणक यांमधील तारेवरून केवळ अक्षरें एकामागून एक जात येत. आतां तें यंत्र बहुतेक मागें पडलें, परंतु टर्मिनलची खिडकी आजच्या संगणकावरहि उघडतां येते व तिची रीति तीच आहे.

ज्या आज्ञावलीनें मजकूर लिहितां व सुधारतां येतो तिला एडिटर म्हणतात. टर्मिनलांत चालणाऱ्या एडिटरास पडदा दिसत नाहीं. पन्हाळ्यावर बसलेल्या मनुष्यानें रंकाळ्याच्या कांठीं उभ्या असलेल्या गड्यास चिठ्ठ्या पाठवून फळ्यावर लिहवून घ्यावें, तशी त्याची स्थिति असते. ‘चौथ्या ओळींतील दहाव्या घरांत जा’ हा हुकूमहि अक्षरांतच धाडावा लागतो. मजकूर कोणता व हुकूम कोणता हें कळावें म्हणून हुकुमाच्या आरंभीं बहुधा २७ क्रमांकाचें ‘एस्केप’ हें चिन्ह घालतात.

आतां प्रत्येक कारखानदाराच्या टर्मिनलाची भाषा निराळी. बिल जॉय यांनीं १९७६ सालीं अमेरिकेंत ‘व्ही-आय’ नामक एडिटर रचिला. त्यांच्यापुढील टर्मिनलावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच, जे, के व एल या अक्षरांच्या कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून त्या एडिटरांत आजहि त्या चार अक्षरांनीं कर्सर हलवितां येतो. पुढें जॉय यांनीं ‘टर्मकॅप’ नांवाचा कोश केला. कोणत्या टर्मिनलास कोणता हुकूम कोणत्या अक्षरांत सांगावा, हें त्यांत लिहिलेलें असे. एडिटर प्रथम टर्मिनलाचें नांव पाहतो व कोशावरून त्याच्याशीं त्याच्या भाषेंत बोलतो. १९७८ सालीं निघालेलें ‘व्ही-टी १००’ टर्मिनल इतकें मान्य झालें कीं, पुष्कळांनीं त्याचीच भाषा उचलली. कन्नड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाशीं आमचा व्यापारी दुभाष्यामार्फत व्यवहार करितो, त्यांतलाच हा प्रकार.

डग्लस एंगेलबार्ट यांनीं माउस जगापुढें मांडला तो १९६८ सालीं. परंतु अक्षरांच्या तारेवरून माउसची वार्ता कशी पाठवावी? ‘एक्स-टर्म’ या टर्मिनलानें अशी युक्ति केली कीं, एस्केपनें आरंभ होणाऱ्या खुणेमागून तीन अक्षरें धाडावीं: पहिलें कोणती कळ दाबली याचें, दुसरें उभ्या रांगेचें व तिसरें आडव्या ओळीचें. ३२ च्या आंतील क्रमांक इतर हुकुमांकरितां राखलेले असल्यामुळें प्रत्येक संख्येंत ३२ मिळवीत. मात्र असा क्रमांक २५५ च्या पुढें जात नसल्यानें २२३ व्या घरापलीकडील वार्ता पोंचत नसे. पुढें संख्या साध्या आंकड्यांनीं लिहून धाडण्याची रीति निघाली व ती अडचण टळली.

आपल्या लिपीची अडचण याहून सूक्ष्म आहे. टर्मिनलाचा पडदा चौकोनी घरांचा असून एका घरांत एक अक्षर अशी त्याची मूळ कल्पना. ‘कोल्हापूर’ हा शब्द घ्या. उच्चारांत अक्षरें चारच: को, ल्हा, पू, र, परंतु काना, मात्रा, उकार व पाय मोडण्याची खूण निरनिराळी मोजल्यास संगणकाच्या हिशेबीं चिन्हें नऊ होतात. त्यांस किती घरें द्यावयाचीं, याविषयीं एडिटर व टर्मिनल यांचें एकमत न झाल्यास कर्सर एका ठिकाणीं दिसतो व अक्षर दुसऱ्याच ठिकाणीं उमटतें. माउसनें ‘पू’ दाखवावा तर ‘र’ पुसला जातो.

या कामीं आपल्या देशांतहि मोठा उद्योग झालेला आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें आरंभिलेलें ‘जिस्ट’ हें कार्य पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत, तिच्या १९८८ मधील स्थापनेनंतर, वाढीस लागलें. जिस्ट कार्ड संगणकांत बसविलें असतां इंग्रजीकरितां केलेल्या आज्ञावल्यांतहि देवनागरी लिहितां येई. आजच्या युनिकोडांतील देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेताच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे.

विद्यार्थिमित्रहो, मराठी लिहितांना कर्सर भलतीकडे गेला, तर आपली लिपि यंत्रास अयोग्य आहे असें समजून रोमन अक्षरांकडे वळूं नका. दोष लिपीचा नसून दोन यंत्रांमधील कराराचा आहे, आणि करार मनुष्यांनींच केलेले असल्यामुळें ते सुधारतांहि येतात. पुष्कळ एडिटरांची मूळ रचना सर्वांस वाचावयास खुली आहे. ती वाचून हा दोष दूर करणारा कोणी आमच्या विद्यार्थ्यांतूनच निघाला, तर त्याचें मराठीवर मोठेंच उपकार होतील.