परक्यांच्या पत्रांतील गाविलगड

युरोपचा इतिहास हा आपल्यापासून दूरचा विषय, असे आपणांस वाटते. परंतु त्याच्या अभ्यासकांना वऱ्हाडात यावेच लागते. १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजेच आर्थर वेलस्ली, त्यापूर्वी येथे लढला होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई त्याने जिंकली आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड घेतला.

या मोहिमेची इंग्रजी साधने मुख्यतः दोन प्रकारची आहेत. वेलस्लीची पत्रे गरवुड यांनी १८३४ पासून प्रसिद्ध केली. त्याच्या छावणीत असलेला २४ वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मित्राला खासगी पत्रे लिहीत असे. ती कोलब्रुक यांनी १८८४ साली लिहिलेल्या चरित्रात आली आहेत. सेनापती वरिष्ठांना हिशेब देतो, तरुण मित्रापाशी मन मोकळे करतो. म्हणून दोन्ही ताडून पाहावी लागतात.

ही कसोटी जुनी आहे. ज्युलियस सीझरने गॉल देशावरील स्वारीचा वृत्तांत स्वतः लिहिला. जिंकल्या गेलेल्या गॉलांचा वृत्तांत मात्र उपलब्ध नाही. गाविलगडाचे किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडले. त्यांचे नाव इतिहासात राहिले. त्यांच्यासोबत पडलेल्या असंख्य शिपायांची नावे विजेत्यांच्या पत्रांत नाहीत.

ती कदाचित एखाद्या घरातील जुन्या मोडी कागदांत असतील. असे कागद रद्दीत न घालता जाणकारांस दाखवावेत, अशी आमची वाचकांना विनंती आहे.