बालपणीचे आघात आणि प्रौढ मनाची शुश्रूषा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त केली. त्या वेळी सात-आठ वर्षांची असलेली मुले आज चाळिशीच्या घरात आहेत. गावे नव्याने वसविण्यात आली. सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था भारतीय जैन संघटनेने पुण्यात केली. पडलेल्या भिंतींची मोजदाद होऊ शकते. मनाच्या पडझडीसाठी मात्र पंचनाम्यात रकाना नसतो.

किल्लारीचा आघात निदान सर्वांना दिसला. मारहाण, उपेक्षा, लैंगिक अत्याचार हे घराआड घडणारे आघात बहुधा अदृश्यच राहतात. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांकडून माहिती घेण्यात आली. त्यांपैकी ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. बहुसंख्य मुलांनी तोवर त्याची वाच्यता कोठेही केली नव्हती.

हे मौन पुढे शरीराला बोलावे लागते. संकटात बालकाचे शरीर सावध होते. संकट वारंवार आले की ती सावधता अंगवळणी पडते व धोका टळल्यावरही ओसरत नाही. झोप उडणे, क्षुल्लक आवाजाने दचकणे, अकारण संताप, मद्याचा आश्रय ही त्याचीच रूपे असू शकतात. आपण मात्र त्यांना ‘स्वभाव’ म्हणून मोकळे होतो. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी, डॉ. रॉबर्ट अँडा व सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्या प्रौढांत मद्यासक्ती, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला. अर्थात धोका म्हणजे विधिलिखित नव्हे.

उपचाराचा अर्थ विस्मरण असा नाही. ती आठवण असह्य न होता सांगता येणे, हे त्याचे उद्दिष्ट होय. आघातोत्तर ताणाच्या विकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली प्रौढांकरिता दोन मानसोपचार सुचविले आहेत. एकात प्रशिक्षित तज्ज्ञाच्या साहाय्याने त्या प्रसंगाकडे क्रमाक्रमाने पाहिले जाते आणि ‘दोष माझाच होता’ यासारखी बालवयात घट्ट झालेली समजूत तपासली जाते. दुसऱ्यात तज्ज्ञाच्या हलत्या बोटांकडे पाहत आठवण मनात आणली जाते. पद्धत विचित्र वाटली तरी तिची उपयुक्तता अभ्यासांनी दाखविली आहे. दोन्हींत रुग्णाची गती हीच उपचाराची गती असते. त्याला बोलते करण्याची घाई अपायकारक ठरते.

एखादा सहकारी किंवा गावकरी असे काही सांगू लागला, तर ‘झाले गेले गंगेला मिळाले’ हे आपले ठरलेले उत्तर टाळावे. ऐकून घ्यावे, शंका घेऊ नये, चर्चा बाहेर जाऊ देऊ नये. शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार प्रत्येकाचा हक्क आहे. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी चौकशी करता येते. प्रवास शक्य नसेल किंवा संकोच वाटत असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते.