अल्व्हरस्टनची कंदील-मिरवणूक

वायव्य इंग्लंडमधील कंब्रिया परगण्यातल्या अल्व्हरस्टन या छोट्या गावात १९८३ साली सुरू झालेली कंदिलांची मिरवणूक हे लोकसहभागातून घडणाऱ्या कलेचे अत्यंत मोलाचे उदाहरण आहे. जॉन फॉक्स, स्यू गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली ‘वेल्फेअर स्टेट इंटरनॅशनल’ ही कलावंतांची मंडळी पुढे या गावी स्थायिक झाली आणि जपानमधील कंदील-उत्सवावरून तिला या मिरवणुकीची कल्पना सुचली.

येथील कंदिलाची घडण साधी, परंतु विलक्षण कल्पक आहे. विलोच्या, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातील झाडाच्या, लवचीक काटक्या वाकवून आणि त्यांचे सांधे कागदी चिकटपट्टीने बांधून सांगाडा उभारला जातो. त्यावर पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने टिश्यू कागद चढवला जातो, जो वाळल्यावर ताठ बसतो आणि आतील ज्योतीचा उजेड सर्व बाजूंनी सारखा पाझरू देतो. कामट्या आणि खळ वापरून आकाशकंदील करणाऱ्यांना ही रीत लगेच उमगेल. नवशिक्यांसाठी चार बाजूंचा मनोरा सोयीचा, कारण त्याला मोजक्याच काड्या लागतात. अनुभवी हात मात्र अनेकांनी मिळून उचलावे लागणारे प्राणी आणि गलबते घडवतात.

सप्टेंबरमध्ये निघणाऱ्या या मिरवणुकीपूर्वी सार्वजनिक कार्यशाळा भरतात, आणि खरे तर उत्सवाचा गाभा तेथेच असतो, कारण प्रेक्षक तेथेच कारागीर होतो. मूळ संस्थेने २००६ मध्ये आपले काम थांबवले, तरी मिरवणूक गावकऱ्यांनी पुढे चालू ठेवली.