विहीर आणि पाट

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम ठरल्या वेळीच दिसतो. वेळ चुकली की तो हुकतो. म्हणून अमेरिकेतील काही घरांत लोक संगणकाला अँटेना जोडून कार्यक्रम त्यात साठवून ठेवीत. परंतु संगणक अभ्यासाच्या खोलीत आणि मोठा पडदा दिवाणखान्यात! मग साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून कार्यक्रम पाहावा कसा?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००५ साली ‘एक्सबॉक्स ३६०’ हे खेळयंत्र विक्रीस आणले. दिवाणखान्यातील हे यंत्र आणि संगणक घरातल्या जाळ्याने जोडले, की संगणकातील ‘मीडिया सेंटर’ ही आज्ञावली साठवलेला कार्यक्रम थोडा थोडा त्याच्याकडे धाडी. खेळयंत्र तो लागलीच उलगडून पडद्यावर दाखवी. स्वतःजवळ साठवून ठेवीत नसे. ‘थांब’, ‘मागे जा’ या आज्ञा उलट वाटेने संगणकाकडे जात. विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यात यावे, तसाच हा प्रकार होता.

पुढे २०१५ साली आलेल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीत मीडिया सेंटर ठेवले नाही. ज्यांनी संगणकावर ही नवी प्रणाली घेतली, त्यांचे खेळयंत्र धडधाकट असूनही ही सोय बंद पडली. विहीर बुजली, तर चांगला बांधलेला पाटही कोरडाच राहावयाचा!