शत्रूच्या वाहनाची चाहूल

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलास यंत्राच्या घरघरीवरून होडी ओळखण्याची संवय असते. हल्लींच्या ऑनलाइन युद्धखेळांतहि हीच विद्या कामास येते. कांहीं खेळाडू शत्रूच्या वाहनास आपल्या पसंतीचा निराळा ध्वनि योजतात. त्यामुळें रणगाडा दिसण्यापूर्वींच कानास कळतो.

दिशा कशी कळते? हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. उजवीकडचा आवाज उजव्या कानास किंचित् आधीं व अधिक स्पष्ट पोहोंचतो. हें अंतर सेकंदाच्या सहस्रांशाहूनहि अल्प असतें; तरी मेंदूस तेवढें पुरतें. म्हणून हेडफोनची डावी-उजवी बाजू उलटली, तर शत्रूहि उलट दिशेस भासतो. योजलेला ध्वनि इतर आवाजांहून वेगळा असावा, परंतु मोठा नसावा. नाहीं तर तोच बाकीचे आवाज झांकून टाकतो, आणि कानांसहि अपाय होतो. शिवाय खेळाच्या नियमांत असा बदल वर्ज्य असेल, तर तो करणें ही लबाडी होय.

पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १५०० मीटर धांवतो. पाणबुड्यांच्या युद्धांत डोळ्यांपेक्षां कान श्रेष्ठ ठरतो. ९ डिसेंबर १९७१ रोजीं दीवजवळ पाणबुडीच्या शोधांत असलेल्या आपल्या 'खुकरी' युद्धनौकेचा माग पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीस आधीं लागला. 'खुकरी' बुडाली, १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामास आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच गेले.

मित्रहो, खेळांत हरलेला पुन्हां डाव मांडतो. समुद्रावर तशी सवलत नसते, हें ध्यानांत असूं द्यावें.