स्टेरॉइडच्या गोळ्या : सुरुवात, मात्रा आणि शेवट

हैदराबादच्या नारायणगुडा भागातील इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन या सरकारी संस्थेत, आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील काही देशांत जाणाऱ्या प्रवाशांना पीतज्वराची लस दिली जाते. या लसीत पीतज्वराचा विषाणू जिवंत, पण क्षीण केलेल्या स्वरूपात असतो आणि निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती त्याला सहसा आवर घालते; परंतु जो प्रवासी दोन आठवडे किंवा अधिक काळ रोज २० मिलिग्रॅम वा त्याहून जास्त प्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड घेत असेल त्याच्या बाबतीत हा भरवसा राहत नाही, म्हणून त्याला अशी लस टाळावी लागते आणि औषध थांबल्यानंतरही किमान महिनाभर वाट पाहावी लागते. दमा, त्वचाविकार किंवा संधिवात यांसाठी घेतलेली गोळी साऱ्या शरीरावर अंमल गाजवते, याचे हे एक उदाहरण होय.

मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे अवयवांना संदेश देणारे रसायन, तयार करतात. ते रक्तातील साखर व रक्तदाब सांभाळते, आजाराच्या ताणात शरीराला तोलून धरते आणि सूज, लाली व वेदना या रूपांत दिसणारा दाह मर्यादेत ठेवते. प्रेड्निसोलोन, डेक्सामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट ही याच संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेली औषधे असून व्यायामपटू स्नायू वाढवण्यासाठी घेतात ती स्टेरॉइडे निराळी. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोनचा प्रथम प्रयोग केला आणि १९५० मध्ये त्यांना एडवर्ड केंडाल व टाडेउश राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले; मात्र दीर्घकाळच्या वापराचे दुष्परिणामही त्याच काळात दिसू लागले.

या औषधाच्या दोन्ही बाजू भारताने कोविडच्या साथीत पाहिल्या. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवून दिले की, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, पण ज्यांना प्राणवायूची गरजच नाही त्यांना त्याचा लाभ होत नाही. दुसऱ्या लाटेत हा दुसरा निष्कर्ष अनेकदा दुर्लक्षिला गेला. सौम्य आजारातही स्टेरॉइडे घेतली गेली, कधी मात्रा वाढली, कधी मुदत लांबली, आणि आधीच मधुमेह असलेल्यांची साखर भडकून म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाला वाव मिळाला. मे २०२१ मध्ये तेलंगणाने हा रोग अधिसूचित, म्हणजे प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक असलेला, ठरवला आणि नारायणगुड्यापासून जवळच असलेले कोठीचे शासकीय कान-नाक-घसा रुग्णालय त्याच्या उपचारांचे मुख्य केंद्र झाले.

औषध मनाने सुरू करण्यात जेवढा धोका असतो, तेवढाच ते मनाने थांबवण्यातही असतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना आदेश देणे कमी करते आणि त्या मंदावतात; तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेली गोळी एकाएकी बंद केल्यास शरीराजवळ स्वतःचे पुरेसे कॉर्टिसॉल उरत नाही, आणि अशक्तपणा, चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणे इथपासून प्राणावर बेतण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणूनच डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि असा रुग्ण गंभीर आजारी पडला किंवा त्याची शस्त्रक्रिया ठरली, तर मात्रा तात्पुरती वाढवावीही लागते.

मिलिग्रॅमचा आकडा पाहून औषध सौम्य की तीव्र हे ठरवणे फसवे असते, कारण ५ मिलिग्रॅम प्रेड्निसोलोन, ६ मिलिग्रॅम डेफ्लाझाकॉर्ट आणि जेमतेम पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांची दाहशामक शक्ती साधारण सारखीच असते. दिवसाची मात्रा एकदाच असेल तर ती बहुधा सकाळी खाल्ल्यानंतर घेतात, कारण शरीराचे कॉर्टिसॉलही पहाटे-सकाळीच सर्वाधिक असते आणि रात्री घेतलेली गोळी झोप उडवते. दीर्घ उपचारात साखर, रक्तदाब, वजन, डोळ्यांतील मोतीबिंदू व काचबिंदू आणि हाडांचा ठिसूळपणा यांची तपासणी, तर मुलांच्या बाबतीत उंचीची नोंद, आवश्यक असते. सोबत वेदनाशामक गोळ्या घेतल्यास जठरात व्रण होण्याचा संभव वाढतो. ताप दबून गेल्याने संसर्ग उशिरा लक्षात येतो, आणि सुप्त क्षयरोग पुन्हा डोके वर काढू शकतो.

भारतात ही औषधे अनुसूची ‘एच’मध्ये येत असल्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे, तरीही मागच्या वर्षीची चिठ्ठी किंवा शेजाऱ्याला आलेला गुण यांच्या भरवशावर ती घेतली जातात, आणि सांधेदुखी वा दम्यावरील निनावी पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळते. योग्य रोगात, योग्य मात्रेत, ठरलेल्या मुदतीत घेतलेली ही गोळी जीव वाचवते, त्यामुळे तिला घाबरून चालू उपचार सोडणे हा उपाय नव्हे. प्रत्येक रुग्णाने औषधाचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेला कागद जवळ बाळगावा, नव्या डॉक्टरांना, दंतवैद्यांना व लसीकरण केंद्राला तो दाखवावा, आणि गोळी कधी व कशी बंद करायची हे ती सुरू करतानाच डॉक्टरांना विचारून घ्यावे.