गिलन

गिलन : (गिळणे). तोंडातील घास, द्रव किंवा लाळ ग्रसनी (घसा) व ग्रसिका (अन्ननलिका) यांतून जठरात नेण्याच्या क्रियेस ‘गिलन’ म्हणतात. घास केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरत नाही. मागील बाजूस स्नायूंनी निर्माण केलेला जास्त दाब व पुढे उघडलेली कमी दाबाची वाट यांमुळे तो सरकतो. म्हणूनच वजनरहित अवस्थेत अंतराळवीरासही गिळता येते.

मुखावस्था : ही अवस्था ऐच्छिक असते. बीड जिल्ह्यातील धारूर परिसरात, बालाघाट डोंगररांगांत होणारे सीताफळ खाताना जीभ गर व बिया वेगळ्या करते. गराचा गोळा झाला की, जीभ टोकापासून क्रमाने तालूवर दाबली जाते व घास मागे ढकलला जातो.

ग्रसनी-अवस्था : घासाचा स्पर्श घशाला होताच संवेदना लंबमज्जेतील गिलन-केंद्राकडे जातात, पुढील क्रिया अनैच्छिक असते व सु. एका सेकंदात संपते. मृदुतालू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते आणि श्वसन क्षणभर थांबते. हनुवटीखालील स्नायू स्वरयंत्र वर व पुढे ओढतात. या एकाच हालचालीने दोन कार्ये साधतात : अधिस्वरद्वार झुकून श्वासमार्ग झाकला जातो आणि ग्रसिकेचे एरवी मिटलेले मुख उघडून तेथील दाब उतरतो. त्याच वेळी जिभेचे मूळ व ग्रसनीचे आकुंचक स्नायू घासामागे सु. १०० मिमी. पारा किंवा त्याहून अधिक दाब निर्माण करतात.

ग्रसिका-अवस्था : सु. २५ सेंमी. लांबीच्या ग्रसिकेतून आकुंचनाची लहर घासाला सु. ८ ते १० सेकंदांत जठरापर्यंत नेते. उदरातील दाब छातीतील दाबापेक्षा जास्त असल्याने ग्रसिकेचे खालचे टोक एरवी आवळलेले असते; ते सैल राहिल्यास जठरातील अम्ल वर येऊन जळजळ होते.

विकार : पक्षाघातात ही क्रिया मंदावते किंवा दुर्बल होते. पाणी घट्ट अन्नापेक्षा वेगाने वाहत असल्याने श्वासमार्ग मिटण्यापूर्वीच त्यात शिरू शकते. संवेदना बोथट झाल्यास ठसकाही लागत नाही व फुप्फुसदाह उद्‌भवतो. यासाठी अशा रुग्णास तोंडाने काही देण्यापूर्वी त्याच्या गिलनाची तपासणी करतात. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालणे याच कारणाने धोक्याचे असते. लहान मुलांना सीताफळ बिया काढूनच द्यावे. हसताना वा रडताना श्वास आत ओढला गेल्यास बी श्वासनलिकेत अडकण्याचा संभव असतो.